लिनक्सवर बसून विंडोजवालं सॉफ्टवेअर चालवायचंय? नवीन मंडळींसाठी

आमच्या टीममध्ये सगळ्यांच्या टेबलावर लिनक्स, पण डिझाइनची एकदोन सॉफ्टवेअर्स अशी आहेत की विंडोजशिवाय हलतच नाहीत. नवीन आलेला प्रत्येक जण आधी विचारतो, वाइन (विंडोजचे प्रोग्राम थेट लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघू का? बघा की, साधं टूल असेल तर झकास चालतं, १९९३ पासून चालू असलेला प्रोजेक्ट आहे तो, पण सॉफ्टवेअरसोबत डोंगल (लायसन्ससाठी मशीनला खोचायची किल्ली) किंवा लायसन्स मॅनेजर (लायसन्स तपासणारा वेगळा प्रोग्राम) येत असेल तर त्यात डोकं घालू नका, एक विंडोज मशीन वेगळं ठेवा, केव्हीएमवरचं (लिनक्समध्येच आभासी मशीन चालवायची सोय) व्हर्च्युअल असलं तरी चालेल, आणि आरडीपीने, म्हणजे दूरच्या विंडोजचा स्क्रीन आपल्या मशीनवर आणून काम करायच्या सोयीने, त्यात शिरा, लिनक्सवर त्यासाठी रेमिना नाहीतर फ्रीआरडीपी हे प्रोग्राम आहेत. एवढंच, की विंडोजची होम एडिशन आरडीपी कनेक्शन घेत नाही, प्रो लागते.

जोडणं सोपंच आहे, खरी कटकट लायसन्सची. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस, दुसरा आत आला की पहिला बाहेर. सर्व्हर एडिशनवर अ‍ॅडमिनच्या कामासाठी दोन सेशन मिळतात, त्याहून जास्त लोक बसवायचे तर वेगळी कॅल (प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे लागणारी) लायसन्सं घ्यावी लागतात, त्याला १२० दिवसांची सवलत असते आणि ती संपली की मग धावपळ. शिवाय काही नोड-लॉक्ड (एकाच मशीनला बांधलेली) लायसन्सं रिमोट सेशन दिसलं की सॉफ्टवेअर उघडूच देत नाहीत, म्हणून विकत घ्यायच्या आधीच विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवरच मागा.

आणि हो, खिडकीची फुली दाबली म्हणजे बाहेर पडलो असं नसतं!! ते नुसतं डिस्कनेक्ट होतं, आत प्रोग्राम चालूच. सकाळी कोणीतरी ओरडतं लायसन्स मिळत नाहीये, टास्क मॅनेजरच्या युजर्स टॅबमध्ये बघावं तर काल संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाच्या नावापुढे डिस्कनेक्टेड, आणि फ्लोटिंग (सगळ्यांनी आळीपाळीने वापरायच्या) लायसन्सची सीट त्याच्याच नावावर अडकलेली. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या अ‍ॅडमिनने लावायच्या सेटिंग्जमध्ये) डिस्कनेक्टेड सेशनला वेळेची मर्यादा लावता येते, पण कोणी रात्रभर सिम्युलेशन लावून जात असेल तर तेही मरतं, तेव्हा आधी टीमला विचारा, मला तरी लोकांना साइन आउटची सवय लावणं जास्त बरं वाटतं.

फायलींसाठी आपलं फोल्डर शेअर करा, ते आत टीएस क्लायंट नावाखाली दिसतं, मात्र मोठी फाइल तिथूनच उघडून काम करू नका, आधी आत कॉपी करा, नाहीतर प्रत्येक सेव्हला चहा पिऊन याल. आरडीपीचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही, बाहेरून यायचं तर व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल (दोन्ही म्हणजे सुरक्षित, एन्क्रिप्टेड वाट) वापरा, यावर चर्चा नको.

देवनागरी टायपिंगचं विचारतात बरेच जण. लिनक्सवरचा आयबस (मराठी वगैरे टाइप करायची सोय) आत सहसा पोचत नाही, कारण आरडीपीतून साधारण कुठली की दाबली तेवढंच जातं, अक्षर नाही. विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड टाका, काम होतं.