परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकायला जाताय? या चुका टाळा

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अडचण बहुतेक वेळा शेवटच्या सत्रात उघडी पडते. तिचं मूळ मात्र अर्ज भरतानाच्या एखाद्या न वाचलेल्या ओळीत किंवा पहिल्या महिन्यात न मागितलेल्या परवानगीत असतं. म्हणून अभ्यासक्रमाकडे उलट्या बाजूने पाहावं: शेवटी कोणतं काम करायचंय, कुठल्या देशात करायचंय, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील.

नाव पाहिलं, कोड पाहिला नाही

अमेरिकेत शिकणाऱ्यांच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्रावर, अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी एक आकडी कोड छापलेला असतो. त्याला सीआयपी कोड म्हणतात. साथरोगशास्त्राचा कोड २६.१३०९ आणि जैवसांख्यिकीचा २६.११०२. हे दोन्ही स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, त्यामुळे पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीला, आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. 'पब्लिक हेल्थ, जनरल' या ५१.२२०१ कोडला ती मिळत नाही. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, तरी दोन विद्यार्थ्यांच्या हातात वेगवेगळी मुदत पडते ती या कोडमुळे. प्रवेश स्वीकारण्याआधीच विभागाला ईमेल करून कोड लेखी विचारा.

दुसरी तपासणी मान्यतेची. अमेरिकी एमपीएचला (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) सेफची, म्हणजे कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थची, मान्यता आहे का ते पाहा. सेफच्या निकषांप्रमाणे एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटची असते आणि त्यात प्रत्यक्ष क्षेत्रकाम सक्तीचं असतं. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी साधारण वर्षभराची, १८० क्रेडिटची. तिथे प्रबंधाचा विषय ठरवायला फार वेळ हाताशी नसतो. दोन वर्षांच्या चालीने एका वर्षाचा अभ्यासक्रम करायला गेलं की उन्हाळ्यात दम लागतो. आणि एमपीएच मिळाली म्हणजे त्या देशात रुग्ण तपासायचा परवाना मिळाला, असं अजिबात नाही. तो मार्ग पूर्णपणे वेगळा आहे.

एसओपीत रुग्ण आहे, समूह नाही

एसओपी म्हणजे अर्जासोबत द्यायचं उद्देशाचं निवेदन. वैद्यकीय, दंतवैद्यकीय किंवा नर्सिंगच्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी त्यात हटकून ही चूक करतात. 'रुग्णांचे हाल पाहून मला सेवा करावीशी वाटली' हे वाक्य खरं असेल, पण निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'एकाच वस्तीतली मुलं पुन्हा पुन्हा जुलाबाने आजारी पडत होती, पण त्यांचा पाण्याचा स्रोत एकच आहे का, याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.' दुसऱ्या वाक्यात समूह आहे, ठिकाण आहे, मोजायला जागा आहे. सार्वजनिक आरोग्याचा विचार इथूनच सुरू होतो.

निधीच्या कागदांबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैशांचा पुरावा लागत असेल, तर आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

'बिनपगारी आहे, मग परवानगी कशाला?'

एमपीएचमधल्या क्षेत्रकामाला बरेच विभाग प्रॅक्टिकम म्हणतात. एफ-१ या अमेरिकी विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या संस्थेत ते करायचं असेल, तर पगार नाही म्हणून परवानगीही नको, असं गृहीत धरू नका. सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी, लागते का हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. लागत असेल तर तिची नोंद आय-२० वर झाल्याशिवाय कामाचा पहिला दिवसही भरू नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली, तर त्याच पदवीस्तरावरची ओपीटी हातची जाते. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. पण विद्यार्थी कार्यालयाने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे पोचलाच पाहिजे. शिफारस घेऊन अर्ज टेबलावर ठेवणारे इथे अडकतात.

संस्थेकडून काय तयार करून द्यायचं, हेही पहिल्याच भेटीत लिहून घ्या. सेफच्या निकषांत विद्यार्थ्याने किमान दोन कामं सादर करावी लागतात, उदाहरणार्थ एक सर्वेक्षणाचा आराखडा आणि एक अहवाल. नुसते भरलेले तास पुरत नाहीत.

आधी माहिती गोळा केली, मग नैतिक मंजुरी मागितली

ही चूक दुरुस्त होत नाही. नैतिकता समिती झालेल्या कामाला मागाहून मंजुरी देत नाही, आणि मुलाखती कितीही मेहनतीने घेतलेल्या असल्या तरी त्या प्रबंधात वापरता येत नाहीत. माहिती तिसऱ्या देशातून घेणार असाल, तर विद्यापीठाच्या समितीबरोबर त्या देशातल्या समितीचीही मंजुरी बहुधा लागते. दोन्ही अर्ज एकाच वेळी पुढे न्या. संमतीपत्राचं स्थानिक भाषेतलं भाषांतर अर्जाबरोबरच जोडा, कारण फाइल अनेकदा त्याच कागदासाठी परत येते.

आकडे बरोबर, अर्थ चुकीचा

आर किंवा स्टाटा ही सांख्यिकीची सॉफ्टवेअरं पहिल्यांदा उघडायची जागा वर्ग नव्हे. निघण्यापूर्वी दोन महिने रोज अर्धा तास दिला, तर फाइल उघडणं, स्तंभ निवडणं, तक्ता काढणं एवढं अंगवळणी पडतं. मग वर्गात डोकं आज्ञावलीत न अडकता मूळ प्रश्नावर राहतं.

सर्वांत फसवी चूक म्हणजे 'उत्तर नाही' याचा कोड खरा आकडा म्हणून मोजणं. ५० जणांना दिवसाला किती सिगारेटी ओढता असं विचारलं. ४८ जणांची सरासरी ५ आली, दोघांनी उत्तर दिलं नाही आणि त्यांच्यापुढे ९९ पडले. ते ९९ तसेच राहिले तर सरासरी ८.७६ होते. ९९९ असता तर सरासरी ४४ च्या वर गेली असती आणि लगेच डोळ्यात भरली असती. ८.७६ मात्र खरी वाटते, म्हणूनच लहान कोड जास्त धोक्याचा. फाइल उघडताच कोडबुक, म्हणजे कोणत्या कोडचा काय अर्थ ते सांगणारी यादी, शेजारी ठेवा आणि प्रत्येक स्तंभाची किमान व कमाल किंमत पाहा.

दुसरी चूक ऑड्स रेशोला धोका म्हणण्याची. धोका म्हणजे एकूण जणांपैकी आजारी किती; ऑड्स म्हणजे आजारी पडलेले भागिले न पडलेले, आणि दोन गटांच्या ऑड्सचं गुणोत्तर म्हणजे ऑड्स रेशो. संसर्गाशी संबंध आलेल्या १०० पैकी ६० जण आजारी पडले, न आलेल्या १०० पैकी ३०. धोका दुप्पट आहे. ऑड्स रेशो मात्र (६० गुणिले ७०) भागिले (४० गुणिले ३०), म्हणजे ३.५. 'आजाराचा धोका साडेतीन पट' असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबेल. आजार दुर्मिळ असला की दोन्ही आकडे जवळ येतात, सर्रास आढळणारा असला की लांब जातात.

माहिती मिळालीच नाही तर

ठरलेल्या संस्थेने माहिती द्यायला उशीर केला, तर सत्र संपेपर्यंत वाट पाहू नका. एक तारीख ठरवा, आणि त्या दिवसापर्यंत फाइल हाती आली नाही तर खुल्या माहितीकडे वळा. अमेरिकेच्या नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झॅमिनेशन सर्व्हेच्या सार्वजनिक फाइली कुणालाही उतरवून घेता येतात. तिथली नेहमीची चूक म्हणजे वजनांचा स्तंभ सोडून देणं. हे वजन शरीराचं नव्हे; निवडलेली एक व्यक्ती देशातल्या किती जणांच्या जागी आहे, ते सांगणारा आकडा. या सर्वेक्षणात काही गट मुद्दाम जास्त प्रमाणात निवडलेले असतात, त्यामुळे वजनाशिवाय काढलेली टक्केवारी देशाची नसते. तपासणी केंद्रावरचा एक जरी घटक, समजा रक्तदाब, विश्लेषणात असेल तर मुलाखतीचं नव्हे, तपासणीचं वजन वापरायचं. २००१ नंतरची दोन द्विवार्षिक सत्रं जोडली तर वजनाला दोनाने भागायचं. नमुना ज्या स्तरांतून आणि समूहांतून निवडला त्यांचे स्तंभही आज्ञेत द्यायचे, नाहीतर विश्वास-मर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल, अंदाजाची खालची-वरची हद्द) खोटी अरुंद दिसते. पहिला तक्ता झाला की त्यातली एखादी टक्केवारी त्याच सर्वेक्षणाच्या प्रसिद्ध अहवालाशी ताडून पाहा. फरक मोठा निघाला तर मॉडेलला हात न लावता आधी वजनाचा स्तंभ तपासा.