लो-कार्ब सुरू केल्यावर रात्री पोटरीत गोळे येतात? आधी मिठाचा हिशेब करा

पोळी-भात बंद करून आठ-दहा दिवस झाले, काटा खाली सरकला, पँट सैल झाली आणि नेमकं त्याच आठवड्यात मध्यरात्री पोटरीत गोळा येऊन कळवळत उठायची वेळ आली, अशी तक्रार लो-कार्ब करणाऱ्या बऱ्याच जणांची असते. हा योगायोग नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 120 जणांचे दोन गट होते. अगदी कमी कर्बोदकं खाणाऱ्या गटात 35 टक्के लोकांनी स्नायूंत गोळे येत असल्याचं सांगितलं, तर कमी चरबी खाणाऱ्या गटात फक्त 7 टक्क्यांनी. बहुतेकांचा त्रास थोड्या बदलांनी आटोक्यात येतो. पण क्रम महत्त्वाचा आहे. लोक थेट मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर उडी मारतात आणि मीठ विसरतात.

गोळा आलाच आहे, आत्ता काय?

कळ आली की आपण नकळत पायाची बोटं खाली वळवतो. त्याने पोटरीचा स्नायू आणखी आखडतो. करायचं ते बरोबर उलटं. गुडघा सरळ ठेवा आणि चवडा नडगीच्या दिशेने, म्हणजे स्वतःकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर ओढणी किंवा पंचा तळव्याला अडकवून दोन्ही टोकं ओढा. झटका द्यायचा नाही, ताण हळूहळू वाढवायचा आणि अर्धा मिनिट तरी तसाच धरायचा. उभं राहता येत असेल तर पलंगाचा आधार घेऊन त्याच पायावर उभे राहा आणि टाच जमिनीला पूर्ण टेकवा. अनेकांना याने सर्वांत लवकर सुटका मिळते. आधी पोटरी दाबत बसू नका. गोळा सुटल्यावर चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा, घरातल्या घरात दोन फेऱ्या मारा. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकत राहिली तर घाबरायचं कारण नाही.

इंटरनेटवर लोणच्याचं पाणी प्यायचा सल्ला सापडतो. तो अगदीच भाकड नाही. प्रयोगात मुद्दाम आणलेले गोळे त्याने लवकर सुटल्याचं 2010 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं, तेही क्षार रक्तात उतरण्याच्या आत, म्हणजे घशातल्या आंबट-खारट झणक्यामुळे असावं. पण ते पाणी व्हिनेगर-मिठात मुरवलेल्या काकड्यांचं. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार रात्री तीन वाजता चमचाभर गिळण्यात काही अर्थ नाही.

हे होतं कशामुळे?

रात्रीच्या गोळ्यांचं नेमकं कारण वैद्यकशास्त्रालाही पूर्ण उलगडलेलं नाही. लो-कार्बमध्ये मात्र संशयित समोरच उभा असतो. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं बंद झाली की हा साठा रिकामा होतो, पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बरंचसं हेच असतं. त्यातच इन्सुलिन कमी होतं. सोडियम धरून ठेवा, असं मूत्रपिंडांना सांगणाऱ्यांत इन्सुलिनही असतं. ते कमी झालं की लघवीवाटे सोडियम जायला लागतं. मग उरलेलं सोडियम वाचवायला शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं.

दुसरी गळती ताटातली, आणि ती कोणी मोजत नाही. आपल्या जेवणात मीठ येतं कुठून? आमटी, रस्सा, चटणी, लोणचं, पापड, दुपारचं फरसाण. भाकरी गेली की तिच्याबरोबर ठेचा जातो, भात गेला की आमटी अर्ध्या वाटीवर येते, फरसाण तर पहिल्याच दिवशी बंद होतं. त्यांच्या जागी येतात उकडलेली अंडी, नुसतं परतलेलं पनीर, मिठाशिवाय काकडी. पथ्य म्हणजे अळणी हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मीठ शरीरातून जास्त जायला लागतं त्याच आठवड्यात आपण ते खायचंही कमी करतो. वर 'डाएटवर आहे' म्हणून चार-चार लिटर साधं पाणी.

पहिली पायरी: मीठ, पण सगळ्यांसाठी नाही

उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, पायांवर सूज किंवा गरोदरपण असेल, तर ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. एरवी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते आणि सामान्य जेवणासाठी तो सल्ला योग्यच आहे. कडक लो-कार्बच्या पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट वेगळी.

प्रकृती ठणठणीत असेल तर रोजच्या स्वयंपाकातलं मीठ पूर्वीइतकंच ठेवा आणि दोन-तीन आठवडे दिवसभरात चहाचा सपाट अर्धा चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम मीठ वरून घ्या. एकदम नाही, दोन-तीन वेळांत विभागून. सोपा मार्ग म्हणजे पातळ ताक. दोन चमचे दही, पेलाभर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग आणि मीठ. यात कर्बोदकं नगण्य. मांसाहारी असाल तर मटणाचं किंवा पायाचं सूप, मात्र अळणी नको. एक पेला दुपारी, एक संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. झोपायच्या तोंडावर प्यायलात तर गोळ्याऐवजी लघवीसाठी उठाल.

सैंधव घेतलं म्हणून फार काही वेगळं होत नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, आणि बहुधा आयोडीनशिवाय. जुलाबासाठी मिळणारी ओआरएसची पुडी लोक साखरेच्या भीतीने टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेलाभरात तीन ग्रॅमसुद्धा नाही. घाम गाळून आलात तर एखादा पेला चालेल. खोक्यातली चवीची गोड पेयं मात्र वेगळी, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, दुपारचं डोकं दुखणं आणि रात्रीचे गोळे ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर मीठ कमी पडत असण्याची शक्यता दाट. बहुतेकदा दोन-चार दिवसांत फरक कळतो.

दुसरी पायरी: पोटॅशियम जेवणातून

पोटॅशियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. पालक, चाकवत, मशरूम, फ्लॉवर, बांगडा, दही यांतून ते पुरेसं मिळतं. भाजी उकडून पाणी फेकलंत तर अर्धा फायदा मोरीत जातो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण कर्बोदकंही आहेत. दिवसाला 20-30 ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्यांनी अर्ध्या पेल्यावर थांबावं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळणाऱ्या पाकिटात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असेल, तर हे मीठ धोक्याचं ठरू शकतं.

मॅग्नेशियमचं काय?

वयस्क लोकांच्या नेहमीच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असा कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. लो-कार्ब करणाऱ्यांवर तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण गोळ्यांचे डबे घेण्याआधी हे माहीत असावं. आधी मूठभर भोपळ्याच्या बिया (30 ग्रॅममध्ये साधारण 150 मिलिग्रॅम मॅग्नेशियम), बदाम, तिळाची चटणी खाऊन बघा. तरी गोळी घ्यायचीच तर मॅग्नेशियम ऑक्साइडपेक्षा मॅग्नेशियम सायट्रेट किंवा ग्लायसिनेट बरं, आणि 350 मिलिग्रॅमच्या आत. जुलाब झाले तर मात्रा जास्त झाली असं समजा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हेही टाळायचं.

झोपण्यापूर्वीची तीन मिनिटं

ही पायरी फुकट आणि निर्धोक, तरी सर्वांत आधी सुटते. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे भिंतीवर टेका. एक पाय मागे, त्याचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका, मागच्या पोटरीत ताण जाणवला की थांबा. अर्धा मिनिट, मग दुसरा पाय. तीन-तीन वेळा. नेदरलँड्समधल्या 2012 च्या अभ्यासात 55 वर्षांवरच्या 80 जणांपैकी ज्यांनी पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू असा रोज झोपण्यापूर्वी ताणला, त्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले.

अंथरुणाकडेही बघा. पायथ्याशी गच्च खोचलेली जड गोधडी चवडे खाली दाबून ठेवते आणि पोटरी रात्रभर आखडलेली राहते. पायांपाशी ती सैल सोडा.

डॉक्टरांकडे कधी?

मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर खरं म्हणजे लो-कार्ब सुरू करण्यापूर्वीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असताना कर्बोदकं तोडली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या औषधांबरोबर कडक लो-कार्ब केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायकरीत्या साचणं, होऊ शकतो. त्याची मळमळ, उलट्या, धाप ही लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठायचं.

रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा तत्सम लघवी वाढवणारं औषध आहे का, तेही वेष्टनावर बघा. त्याने सोडियम-पोटॅशियम आणखी जातं. लो-कार्बने रक्तदाब उतरलेला असेल तर गोळीची मात्रा बदलावी लागते, ती डॉक्टरांनी.

एकाच पोटरीला सूज, लाली, ऊब आणि न थांबणारी दुखी असेल तर तो गोळा नसून शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. चालताना दुखतं आणि उभं राहिलं की दुखायचं थांबतं, ही तक्रार रक्तपुरवठ्याची असू शकते. पोटरीतल्या गोळ्यांबरोबर छातीत धडधड किंवा अशक्तपणा असेल तर पोटॅशियमची तपासणी लांबवू नका. क्विनाइनची जुनी गोळी कोणी सुचवली तर नको म्हणा. रक्तपेशींवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायातल्या गोळ्यांसाठी ती वापरू नये असं बजावलं आहे.

एवढं करून तीन आठवड्यांनीही झोपमोड होत असेल, तर कर्बोदकं थोडी वाढवा. रात्रीच्या जेवणात अर्धी ज्वारीची भाकरी, म्हणजे पंधरा-सतरा ग्रॅमच्या आसपास. लगेच काटा अर्धा-एक किलो वर दिसला तर ते परत आलेलं पाणी आहे, चरबी नाही.