कॉम्प्युटरच्या आजीला गहिवर कसा आणायचा

मंडळाचा देखावा होता महापुराचा. २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर कोल्हापुरानं बघितलेत, त्यामुळं विषय कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पत्र्याच्या घरात आजी बसलेली आणि ती बोलणार असं ठरलं, आवाज द्यायला कलाकार परवडत नव्हता म्हणून पोरांनी मला गाठलं, "भावा तू कॉम्प्युटरवर करतोस की, दे करून." लिहिलेलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला मी पुढं इंजिन म्हणतोय. त्यात मी वाक्यं टाकली, भावना म्हणून 'सॅड' निवडलं, फाईल दिली. पहिल्या रात्री आजी बोलली आणि समोरची पोरं फिस्सकन हसली. एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईला सर्दी झाल्यागत ऐकू येत होतं. चूक माझीच होती. तेव्हापासून हाच नाद लागलाय, आणि जे काय जमलं ते इथं लिहितोय, कुणाला गणपतीत नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं काम कॉम्प्युटर चालूच करायचा नाही. वाक्य लिहायचं आणि मोठ्यानं बोलून बघायचं. "पाण्याच्या पातळीत वाढ झाली" हे कुठलीच आजी म्हणत नाही, त्यात जगातलं कुठलंही इंजिन भावना घालू शकत नाही. "पाणी उंबऱ्याला लागलं गं बाई" म्हटलं की अर्धं काम तिथंच झालं. मराठीत भावना शेपटात बसते. "गेलं" ही बातमी, "गेलंच" मध्ये हताशपणा, "गेलं की" मध्ये आश्चर्य, "गेलं ना" मध्ये तक्रार. ही छोटी अक्षरं आधी नीट लावा, मग बटणं फिरवा. आणि आजी कोल्हापूरची असेल तर ती "मी उठलो, बघतो तर दारात पाणी" असंच बोलणार, आमच्याकडं बायकाही आलो-गेलो म्हणतात. चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेतली तर तो गपचूप "उठले" करून ठेवतो, तेवढं परत फिरवायचं.

आकडे अक्षरात लिहा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे इथं शेंबडं पोरगंपण सांगतं, पण इंजिनला ४३ दिला की ते कधी 'तैंतालीस' म्हणतं कधी 'फॉर्टी थ्री', आणि त्या क्षणाला आजी मेली. च, ज, झ चं पण तसंच. 'माझा' मधला झ वेगळा, 'माझी' मधला वेगळा, 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहायला एकच. इंजिन चुकीचा धरून बसलं तर त्याच्याशी भांडू नका, शब्दच बदला.

आता खरं काम. "पाणी त्रेचाळीस फुटावर गेलं" हे एकच वाक्य स्वतः फोनवर चार वेळा रेकॉर्ड करा: घाबरून, चिडून, दमून, आणि कायच वाटत नसल्यासारखं. लाज वाटली तर गाडीत बसून करा, मी तेच केलं. मग त्या फाईली प्राट नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोअर्स्मा आणि वेनिंक या दोघांनी बनवलंय. त्यात आवाजाच्या पट्टीची रेघ दिसते. घाबरलेल्या वाक्यात रेघ वर चढलेली आणि वेग जास्त, चिडलेल्यात आवाज मोठा आणि रेघेचे चढउतार उंच उंच, दमलेल्या-दुःखी वाक्यात रेघ खाली, जवळजवळ सपाट, आणि शब्दांच्यामध्ये भोकं पडलेली. ही भोकं महत्त्वाची, त्यावर खाली येतो.

इंजिनमधली बटणं बघायला गेलं तर तीनच: पट्टी, वेग, आवाजाची पातळी. एसएसएमएल म्हणून टॅग लिहायची पद्धत आहे, २००४ पासून स्टँडर्ड आहे, त्यात हे तिन्ही आणि थांबा एवढं देता येतं. गंमत म्हणजे नाट्यशास्त्रात पाठ्याचे, म्हणजे संवाद म्हणायचे, सहा अलंकार सांगितलेत, उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित. बघा परत, पट्टी, पातळी आणि वेगच की! आणि काकू, म्हणजे वाक्य पुरं झाल्यासारखं संपवायचं का काहीतरी राहिल्यासारखं लटकत ठेवायचं, निराकांक्ष आणि साकांक्ष. मला हा काकूचा भाग सगळ्यात कामाला आला. इंजिन प्रत्येक वाक्य बातमीसारखं खाली आणून मिटवतं, कायम निराकांक्ष. दुःखात माणूस वाक्य मिटवत नाही. म्हणून मी पूर्णविराम काढून तीन टिंबं ठेवतो, नाहीतर वाक्यापुढं अजून एखादा शब्द लिहून तयार करून घेतो आणि तो शब्द नंतर कापून टाकतो. शेपूट आपोआप लटकतं.

माझ्या आजीसाठीची सेटिंग सांगतो, तुमची वेगळी येईल. वेग नव्वद टक्क्याच्या आसपास, त्याच्याखाली नेला की दुःखी न वाटता दारू प्यायल्यासारखं वाटतं. पट्टी दोन सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली. वय वाढलं की बाईच्या आवाजाची पट्टी तशीही उतरते, आणि इंजिनमधले बायकांचे आवाज सगळे तरुण निवेदिकेचे, त्यामुळं हे दोन सेमीटोन दुःखासाठी कमी आणि वयासाठी जास्त. थांबा स्वल्पविरामावर द्यायचा नाही, तिथं सगळेच देतात. जो शब्द तोंडातून निघवत नाही त्याच्या आधी द्यायचा. "भांडी राहिली, गाय... गाय सोडायची राहिली." तो थांबा मी सहाशे मिलिसेकंद ठेवला होता.

आणि श्वास. हे एवढं एकच वाचलं तरी चालेल. मशीन श्वास घेत नाही, नाहीतर सगळीकडं एकसारखा घेते. मी आईला माईकसमोर बसवून नुसते श्वास रेकॉर्ड केले, खोल, अडकलेला, हुंदक्याच्या आधीचा, आणि ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाक्याआधी चिकटवले. आई म्हणाली हे काय खूळ आणि. पण ऐकल्यावर तीच गप्प झाली.

नवी मॉडेलं वर्णनावर चालतात. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटाचं इंडिक पार्लर नावाचं मॉडेल मराठी बोलतं, त्याला इंग्रजीत सांगायचं असतं की आवाज कसा पाहिजे. तिथं 'दुःखी' लिहू नका, लिहिलं तर नाटकी रडणं येतं. "हळू, खालच्या पट्टीत, माईकच्या जवळून, थोडं धापा टाकत" असं शरीराचं वर्णन लिहा. एकाच वाक्याचे आठ-दहा टेक काढा, दरवेळी वेगळं येतं, आणि त्यातले तुकडे जोडा. सगळी स्क्रिप्ट एकाच भावनेत मात्र नको. माझी आजी पहिली तीन वाक्यं सरळ बोलते, दूध किती निघायचं वगैरे, आणि फक्त गाईपाशी फुटते. सुरुवातीपासून रडणारी माणसं लोकांना दोन मिनिटांत नकोशी होतात.

दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करायची असेल तर त्या माणसाकडून लिहून घ्या, ओळखीतला असला तरी. वारलेल्या पुढाऱ्याच्या आवाजात शुभेच्छा पाहिजेत म्हणून दरवर्षी कोण ना कोण येतंय, मी चहा पाजून परत पाठवतो. अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलांवर मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्येच मनाई दिलीय, तेव्हा आपण तर कोण.

चेहऱ्याकडं आवाज पूर्ण झाल्यावरच जायचं, उलटं केलं तर दोन्ही कामं दोनदा करावी लागतात. ओठ हलवायला वावटूलिप वापरतात बरेच जण, हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या लोकांनी २०२० मध्ये काढलेलं. चांगलं आहे, पण ते फक्त तोंडाचा भाग बदलतं, तोही ९६ पिक्सेलच्या चौकोनात, म्हणून मोठ्या पडद्यावर तोंड धुरकट दिसतं. बाकी चेहरा मूळ फोटोत असतो तसाच राहतो. माझा दुसरा फज्जा इथंच उडाला. आजीचा फोटो होता नातवाच्या लग्नातला. गाय वाहून गेली म्हणून सांगतेय आणि डोळे हसतायत! फोटो निवडताना तोंड झाकून नुसते डोळे बघा, ते काय म्हणतायत त्यावर ठरवा.

डोळे खोटं बोलत नाहीत याला शास्त्र पण आहे. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्येच दाखवलं होतं की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, नुसते ओठ ताणून ते येत नाही. पुढं एकमन आणि फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना नंबर दिले. दुःखाला १, ४ आणि १५: भुवयांची आतली टोकं वर, भुवया एकमेकींकडं, ओठांचे कोपरे खाली. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा चेहरा करत असाल तर 'शेप की' (चेहऱ्याचे आधी करून ठेवलेले आकार) ह्या तिन्हीच्या करा आणि १ नंबर जपून वापरा, थोडाच. ओठांचे कोपरे जास्त खाली ओढले की कार्टून होतं. ओठांसाठी एकच कडक नियम, प फ ब भ म ला ओठ मिटलेच पाहिजेत. "पाणी" म्हणताना ओठ उघडे राहिले की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं सांगता येत नाही पण माणूस खोटा वाटतो.

पापण्या मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतात, त्या थांब्यावर मिटवा, शब्दाच्या मध्ये नको. आणि चेहरा आवाजाच्या आधी सुरू झाला पाहिजे. आधी नजर खाली, मग श्वास, मग भुवई, मग शब्द. मी सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत पाच-सहा फ्रेम आधी भुवई हलवतो.

आवाज आणि चित्र जुळवताना आवाज कधीच पुढं जाऊ देऊ नका. तो साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की कळायला लागतं, उशिरा मात्र १२५ पर्यंत खपून जातं. त्यात गर्दीत दहा मीटर मागं उभ्या माणसाला आवाज तसाही तीसेक मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढं पकडून चाला. चेहरा अगदी हुबेहूब करायच्या मागं पण लागू नका, थोडासा कमी पडलेला हुबेहूब चेहरा भुतासारखा दिसतो. यंदा आम्ही शाडूचाच चेहरा करून घेतला, फक्त जबडा, पापण्या आणि मान हलते, आणि तो आधीच्या व्हिडिओपेक्षा जास्त पटतोय.

तपासायला तिघं पाहिजेत. एकाला नुसता आवाज, एकाला आवाज बंद करून चेहरा, एकाला दोन्ही. "दुःखी वाटतेय का" विचारायचं नाही, कोल्हापुरात तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. "आजीला काय झालंय" विचारा. माझ्याकडं चेहरा बघितलेला म्हणाला दात दुखतोय. परत बसलो.

शेवटची अडचण रस्त्यावरची. बारीक आवाजातला गहिवर शेजारच्या मंडळाच्या साउंडखाली मरतो, आणि आवाज वाढवला की आजी ओरडायला लागते. कंप्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट) लावून बारीक भाग वर आणा, स्पीकर दोन मोठे लावण्यापेक्षा सहा छोटे लोकांच्या कानाच्या उंचीवर लावा, आणि आरतीच्या टायमाला आजी गप्प राहील असा टायमर पहिल्याच दिवशी सेट करून टाका.