पोकरच्या टेबलावर समोरच्याची देहबोली कशी वाचायची

टेक्सस होल्डेममध्ये (प्रत्येकाच्या हातात 2 पानं असलेला पोकरचा प्रकार) फ्लॉपची, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी एकदम मांडलेली पहिली 3 पानं उघडताना पानांकडे बघू नका, ती कुठे पळून जात नाहीत. समोरच्याचे डोळे बघा. फ्लॉप लागलेला, म्हणजे ती पानं हातातल्या पानांशी जुळलेला खेळाडू बहुधा नजर पटकन काढतो आणि आपल्या चिप्सकडे चोरून बघतो. न लागलेला टक लावून बसतो. आधी 20-25 डाव त्याच्या सवयी टिपा, कारण काहींचे हात एरवीही थरथरतात. मोठी बेट (पैज) लावताना अचानक सुटलेला कंप मात्र बहुतेकदा भारी पानांचा असतो. नवखे तो ब्लफ (हलक्या पानांवरची हूल) समजून कॉल करतात, म्हणजे तेवढीच बेट लावतात, आणि फसतात. बेटिंगचा क्रम वेगळं सांगत असेल तर तोच धरा. फ्लॉपवर तिन्ही बदाम आल्यावर कुणी आपली पानं पुन्हा उचकून पाहिली, तर फ्लश (एकाच रंगाची, इथे बदामाची, 5 पानं) बहुधा झालेला नाही; हातातल्या दोनांपैकी बदाम कुठलं, एवढंच तो तपासतोय.