समारंभाआधी दात उजळायचेत? ट्रे आणि जेल घरी कसं वापरायचं

लग्नाचा मोसम आला की दातांच्या डॉक्टरांकडे एक प्रश्न हमखास येतो: "साखरपुडा पुढच्या रविवारी आहे, तोवर दात पांढरे होतील ना?" दातांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यात, म्हणजे ट्रेमध्ये, दात उजळवणारं जेल घालून हे घरी करता येतं, पण आठ दिवसांत ते नीट होत नाही. या पद्धतीत औषध सौम्य असतं आणि दिवस जास्त लागतात, आणि ती सुरक्षित आहे तीही त्यामुळेच. समारंभाच्या दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. तेच काम चार दिवसांत उरकायला गेलात तर हिरड्या पोळतात आणि पंगतीत मठ्ठ्याचा घोट घेतानाही दात शिवशिवतात.

या पद्धतीचा जन्मच हिरड्यांच्या औषधातून झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात एका ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पेशंटला दातांवरच्या साच्यात जंतुनाशक औषध घालून रात्री झोपायला सांगितलं. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळलेले दिसले. त्या औषधात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड हे रसायन होतं, दात उजळतात ते त्यानेच. १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोन दंततज्ज्ञांनी ही पद्धत शोधनिबंधातून मांडली. घरी वापरायला आजही तेच १० टक्क्यांचं जेल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आधी तपासणी, मग जेल

दात पिवळा दिसतो याची कारणं वेगवेगळी असतात, आणि जेल सगळ्यांवर चालत नाही. वरचं कवच म्हणजे इनॅमल अर्धपारदर्शक असतं, आतलं डेंटिन मुळात पिवळसर. वयाबरोबर कवच झिजतं आणि आतला रंग जास्त दिसू लागतो. हा पिवळेपणा जेलने चांगला कमी होतो. चहा, कॉफी, तंबाखू आणि मशेरीचे थर मात्र आधी स्केलिंग करून, म्हणजे डॉक्टरांकडून दात खरवडून साफ करून, काढावे लागतात. पुष्कळांना स्केलिंगनंतरच जाणवतं की आपले दात मुळात एवढे पिवळे नव्हतेच.

मशेरी लावणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तपासणीला जाल तेव्हा गालाची आतली बाजू, जीभ आणि हिरड्या दाखवून घ्या. न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर दातांचा रंग राहू द्या, आधी त्याचा उपचार.

एकच दात काळपट पडला असेल तर बहुधा कधीतरी मार लागून त्याची नस मेलेली असते. त्याला एक्स-रे लागतो, वरून जेल लावून भागत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तिथल्यांनी हे लक्षात ठेवावं की सुरुवातीच्या दिवसांत पांढरे ठिपके आणखी उठून दिसू शकतात. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यामुळे करडे झालेले दात उजळायला कित्येक महिने लागतात.

कॅप, व्हेनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) आणि दाताच्या रंगाचं सिमेंट यांचा रंग जेलने बदलत नाही. पुढच्या दातात जुनं सिमेंट असेल तर दात उजळल्यावर ते वेगळं दिसेल आणि बदलावं लागेल. नवं सिमेंट जेल थांबवल्यावर दोन आठवड्यांनी भरायचं, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते आधी नीट चिकटत नाही. हा खर्च आधीच विचारून घ्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, १८ वर्षांखालच्या मुलांनी हे करू नये. कीड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ते आधी बरं करा.

ट्रे मापाचाच हवा

डॉक्टर दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा बनतो आणि त्यावर मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ट्रे ओढला जातो. तो दातांना घट्ट बसतो, त्यामुळे जेल जागेवर राहतं आणि लाळेत वाहून जात नाही. गरम पाण्यात बुडवून चावायचे तयार ट्रे मिळतात, पण ते ढिले बसतात आणि जेल हिरड्यांवर सांडतं. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. ट्रे घालून बघताना कड कुठे टोचत असेल तर दवाखान्यातच ती घासून घ्या.

आकडा वाचायला शिका

जेलच्या ट्यूबवर कार्बामाइड पेरॉक्साइड लिहिलंय की हायड्रोजन पेरॉक्साइड, हे आधी बघा. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. म्हणजे '३५ टक्के' हा एकच आकडा दोन ट्यूबांवर असला तरी एक दुसरीच्या जवळजवळ तिप्पट तीव्र असू शकते. ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हे दवाखान्यात, हिरड्या झाकून लावायचं औषध आहे. युरोपीय संघात २०१२पासून ६ टक्क्यांपर्यंतच्या हायड्रोजन पेरॉक्साइडलाच परवानगी आहे, आणि तेही दंतवैद्याच्या तपासणीनंतर. ज्या पाकिटावर टक्केवारीच नाही, ते घेऊच नका.

रोज रात्री काय करायचं

जेवण झाल्यावर मऊ ब्रशने दात घासा, फटी दोऱ्याने साफ करा. ट्रे कोरडा करून घ्या. ज्या दातांना उजळायचंय त्या प्रत्येक दाताच्या खोबणीत, ओठाकडच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा जेलचा थेंब ठेवा. हसताना दिसणारे आठ-दहा दात पुरे, दाढांना गरज नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जास्त जेलने दात जास्त पांढरा होत नाही, ते बाहेर येऊन हिरडी तेवढी पोळते.

ट्रे बसवून बोटाने हलके दाबा आणि बाहेर आलेलं जेल कापसाने किंवा कोरड्या ब्रशने पुसा. १० टक्क्यांचं जेल रात्रभर ठेवता येतं. त्याचा निम्मा असर पहिल्या दोनेक तासांत होऊन जातो, त्यामुळे झोपेत ट्रे नको वाटत असेल तर संध्याकाळचे दोन-तीन तासही चालतील. जास्त टक्क्यांच्या जेलला वेळ कमी असतो. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच पाळा. ट्रे तोंडात असताना खाणं, चहा, सिगारेट काही नाही.

सकाळी ट्रे काढून चूळ भरा, मऊ ब्रश फिरवा. ट्रे गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने किंवा मे महिन्यात गाडीत विसरल्याने तो वाकडा होतो आणि मग उपयोगाचा राहत नाही. जेल फ्रिजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आधी फक्त वरचा जबडा करा. खालच्याशी तुलना करून किती फरक पडला ते कळतं.

दात शिवशिवले तर

बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यात गार पाणी लागतं, मध्येच एखादी कळ येते. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या नसेपर्यंत पोचतं म्हणून असं होतं. एक रात्र आड करा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट जेल सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून वापरली तर त्रास कमी होतो, आणि तीच ट्रेमध्ये घालून दहा-वीस मिनिटं ठेवता येते. हिरडीवर पांढरा डाग दिसला तर जेल सांडलंय, धुऊन टाका, तो बहुधा काही तासांत जातो. ठणका राहिला तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

दुखतंय म्हणून लिंबू-सोड्याकडे मात्र वळू नका. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट; इनॅमल साधारण ५.५च्या खालच्या पीएचला विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस त्याहून कितीतरी आंबट आहे. कोळशाची पूड कवच घासून काढते. गेलेलं इनॅमल परत येत नाही.

कधी थांबायचं

साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. सुळे मुळातच पिवळसर असतात, ते शेवटी उजळतात. रोज आरशात बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दात डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाइतके उजळले की चेहऱ्याला शोभतात. तिथे थांबा. थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांत रंग किंचित उतरून स्थिर होतो, म्हणून शेवटची रात्र आणि समारंभ यांत दोन आठवडे ठेवा.

या दिवसांत चहा-कॉफी, हळदीचा रस्सा, जांभळं, बीट बेताने. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेच दातांवर तपकिरी डाग चढतात. आणि ट्रे फेकू नका. वर्षा-दोन वर्षांनी रंग उतरल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना एकदा दात दाखवून त्याच ट्रेमध्ये दोन-तीन रात्री जेल घातलं की पुरतं.