रेघ राखून काप

आबा फळी कापायला बसले की आधी पेन्सिलीने रेघ मारायचे आणि मला विचारायचे, "रेघ राखून कापू का रेघ खाऊन?" करवतीच्या पात्यालाही जाडी असते. तेवढा भुसा रेघेच्या कुठल्या बाजूच्या लाकडातून जाणार, हे करवत लावायच्या आधी ठरवायचं असतं. शाळेत असताना रोज कानावर पडणारा हा प्रश्न पुढे सीएनसी राउटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापायच्या-कोरायच्या मशीनच्या, सॉफ्टवेअरसमोर बसल्यावर मला पुन्हा भेटला. तो ओळखायला मात्र १८ मिमी एमडीएफची एक अख्खी शीट गेली.

आमचं कोल्हापूर जिल्ह्यात सुतारकामाचं छोटं दुकान आहे. देवघरं, पाट, चौकटी, घरावरच्या पाट्या. राउटर आल्यावर कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच देवघराच्या बाजू मी अगदी मापात काढल्या: रुंदी ३०० मिमी, मधे २०० मिमीची खिडकी. टूल, म्हणजे मशीनमधलं फिरणारं पातं, ६ मिमीचं. कापून झाल्यावर टेप लावला तर बाजू २९४ भरली आणि खिडकी २०६. चित्र बरोबर होतं, मशीनही बरोबर होतं. मी टूलला रेघेवरून चालायला सांगितलं होतं, त्यामुळे त्याने दोन्हीकडचं ३-३ मिमी लाकूड खाल्लं. आबांनी तुकडा हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "रेघ खाल्लीस."

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: स्क्रीनवर दिसणारी रेघ आणि टूलच्या मध्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वाटेला टूलपाथ म्हणतात. कडेने कापायच्या प्रोफाइल टूलपाथमध्ये तीन पर्याय असतात: रेघेच्या बाहेरून, आतून आणि रेघेवरून. जो तुकडा हातात ठेवायचा आहे त्याची कड बाहेरून, जे भोक पाडायचं आहे त्याची कड आतून. रेघेवरून फक्त तेव्हा, जेव्हा नुसती खाच किंवा नक्षीची रेषा हवी असते. टूल बदललं की टूलपाथ पुन्हा काढायचा. ६ मिमीसाठी काढलेली वाट ४ मिमीच्या टूलला चालत नाही, चारही बाजूंनी १-१ मिमी लाकूड जास्त राहतं.

टूलपाथकडे जाण्याआधी रेखाटनाला चांगले १५ दिवस द्या. मशीन चालू न करता. चौकोन, वर्तुळ, कंस, ऑफसेट, मिरर, ट्रिम एवढ्यावर देवघराची सगळी जाळी उभी राहते. जाळीचा एक पाव भाग काढायचा, तो दोनदा मिरर करायचा. नोड एडिटिंगला, म्हणजे रेघेवरचे बिंदू हलवायला, सगळे घाबरतात, पण खरं काम तिथेच आहे. नेटवरून उतरवलेली जाळीची फाईल उघडली की बाहेरून ती सुंदर दिसते. आत बघितलं तर एकेक पाकळी शेकडो बारीक तुकड्यांची असते, कुठे रेघेवर रेघ चढलेली, कुठे ०.१ मिमीची फट. फट असली की आकार उघडा राहतो आणि पॉकेट टूलपाथ, म्हणजे आतलं लाकूड खोदून काढणारी वाट, त्याला हातच लावत नाही. रेघ दुहेरी असली की टूल त्याच जागी दोनदा फिरतं. फोटोवरून ट्रेस केलेल्या नक्षीत नोड फार असतात, तिथे मशीन कंसावरून वाहत जाण्याऐवजी अडखळत चालतं आणि सागवानावर काळे ठिपके पडतात. अशी फाईल दुरुस्त करण्यापेक्षा मी तिच्यावर नवीन कंस काढते. तासभर जास्त जातो, पण पाकळीची कड हाताने घासावी लागत नाही.

आता आपल्या पाट्यांचं सांगते, कारण इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये हे कुठेच सापडत नाही. कोरकामाच्या काही सॉफ्टवेअरना देवनागरी नीट जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, 'श्री'चे तुकडे होतात, रफार भलतीकडे. मी नाव इंकस्केपमध्ये टाइप करते. ते रेखाटनाचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि जोडाक्षरं बरोबर दाखवतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बलू हे फाँटही मोफत आहेत. कोरायला बलू बरा, त्याच्या गोल टोकांत टूल छान फिरतं. नाव मनासारखं दिसलं की त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांमध्ये, रूपांतर करायचं. इथेच थांबलात तर शिरोरेषा फसवते. डोळ्यांना ती एकसंध दिसते, पण आत प्रत्येक अक्षर आपापली रेषा घेऊन आलेलं असतं आणि शेजारच्या अक्षरावर जरा चढलेलं असतं. सॉफ्टवेअर त्या चढलेल्या भागाला 'बाहेर' समजतं आणि शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर लाकडाची पातळ भिंत उभी राहते. उपाय सोपा आहे: सगळी अक्षरं निवडून युनियन करायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक आकार होतो, मगच एसव्हीजी फाईल सेव्ह करायची. आणि कोरकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर रुंदी मोजायचीच. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून मापाचा हिशेब इंचाला ९० ठिपक्यांवरून (डीपीआय) ९६ वर गेला, त्यामुळे जुन्या फाईलींचं माप चुकू शकतं.

पाटीसाठी व्ही-बिट, म्हणजे व्ही आकाराचं टोकदार टूल, वापरतात आणि त्याची खोली तुम्ही देत नाही, अक्षराची जाडी देते. ९० अंशांच्या टूलला १० मिमी जाड रेषा ५ मिमी खोल उतरवते, ६० अंशांच्या टूलला तीच रेषा ८.७ मिमी. दुकानाच्या एका मोठ्या पाटीची शिरोरेषा मी १६ मिमी जाड ठेवली होती. टूल ६० अंशांचं, फळी १२ मिमीची. प्रिव्ह्यूमध्ये शिरोरेषेतून पलीकडचं पांढरं दिसलं तेव्हा लक्षात आलं, टूल जवळजवळ १४ मिमी खाली जाणार होतं! त्या दिवसापासून प्रिव्ह्यू फिरवून खालच्या बाजूनेही बघते. मोठ्या अक्षरांना ५-६ मिमीवर सपाट तळ द्या आणि मधली जागा सरळ टूलने साफ करा.

पॉकेटमध्ये कोपऱ्याचं भान ठेवा. गोल फिरणारं टूल चौकोनी कोपरा काढू शकत नाही. ६ मिमीचं टूल आतल्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतं, आणि मग देवघराचा कप्पा खाचेत बसता बसत नाही. त्यासाठी कोपऱ्यात टूलएवढं वर्तुळ जरा बाहेर काढतात, त्याला डॉगबोन म्हणतात. समोर दिसणाऱ्या जागी आमच्याकडे डॉगबोन नसतो. तिथे आबा पटाशीने कोपरा काढतात, आणि तो कोपरा मशीनच्या कुठल्याही कोपऱ्याहून देखणा असतो.

टूल पुढे सरकायच्या वेगाचं गणित एका ओळीत: मिनिटाचे फेरे, टूलच्या धारा आणि प्रत्येक धारेने घ्यायची जाडी यांचा गुणाकार. १८,००० फेरे, २ धारा, ०.१ मिमी, म्हणजे मिनिटाला ३,६०० मिमी. लाकूड आणि मशीन बघून कमी-जास्त करा. कीस पडला पाहिजे. पीठ पडत असेल तर टूल कापत नाही, नुसतं घासतंय, आणि जळका वास येतोच. एमडीएफचं पीठ मात्र कसंही पडतंच, मास्क लावल्याशिवाय जवळ उभे राहू नका.

झेड शून्य, म्हणजे खोली जिथून मोजायची ती पातळी, फळीच्या वर धरलीय की मशीनच्या बेडवर, हे फाईलच्या नावातच लिहा. आरपार कापताना टॅब, म्हणजे तुकडा धरून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, ठेवा, नाहीतर सुटलेला तुकडा टूलमध्ये अडकून उडतो. मशीनला द्यायच्या फाईलच्या सुरुवातीला जी २१ हा कोड आहे ना बघा, म्हणजे मिमी. जी २० असेल तर इंच, आणि सगळं २५.४ पटींनी चुकतं.

सॉफ्टवेअर कुठलं, हे सगळे आधी विचारतात. आर्टकॅम ऑटोडेस्कने २०१८ मध्ये बंद केलं, पुढे ते कार्व्हेको नावाने आलं. मी व्हीकार्व्हवर काम करते. त्याच्या मोफत चाचणी आवृत्तीत रेखाटन आणि प्रिव्ह्यू शिकता येतात. एकात हात बसला की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात.

पहिलं खरं काम म्हणून टाकाऊ फळीतून १०० मिमीचा चौकोन कापा, मधे ५० मिमीचं भोक. व्हर्नियरने मोजा. चौकोन १००.१ आणि भोक ४९.९ आलं, तर तुमचं ६ मिमीचं टूल धार लावून ५.९ झालेलं असू शकतं. टूलही मोजा आणि खरा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. आमच्या दुकानात असे चौकोन खिळ्याला ओळीने टांगलेत, प्रत्येकावर आबांच्या पेन्सिलीने टूलचं माप आणि तारीख.