भेटकार्डे करताना या चुका टाळा: सजावटीआधी कागद आणि गोंद

आमच्या जळगावच्या हस्तकला मंडळात संक्रांत, आखाजी (अक्षय्य तृतीया), भुलाबाई (भाद्रपद-आश्विनातला मुलींचा गाण्यांचा उत्सव) आणि दिवाळी या निमित्तांनी हाताने केलेल्या भेटकार्डांची अदलाबदल होते. प्रत्येकीने सर्वांसाठी एकेक कार्ड करून आणायचे आणि जाताना प्रत्येकीचे एकेक घेऊन जायचे, एवढाच नियम आहे. कार्डे सतरंजीवर मांडली की कौतुक होते ते सजावटीचे. परंतु जी कार्डे महिनाभरात वाकतात, तडकतात किंवा ज्यांच्यावरचे फूल गळून पडते, ती नीट तपासली तर दोष बहुतेक वेळा सजावटीच्या खाली सापडतो. मंडळात नव्याने येणाऱ्या मुलींकडे कल्पनांची कमतरता मुळीच नाही. कमतरता आहे ती कागद हातात घेऊन दोन मिनिटे त्याच्याकडे पाहण्याची, आणि त्याच त्या चुका दर सणाला पुन्हा समजावून सांगण्यापेक्षा त्या एकदा सविस्तर लिहून ठेवलेल्या बऱ्या, असे मला वाटू लागले आहे.

घडी चुकीच्या दिशेने घालणे

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीवर पांढरी, खरबरीत रेघ उमटते आणि रंगीत किंवा गुळगुळीत थर दिलेला जाड कागद असेल तर वरचा थर चक्क तडकतो. साध्या ७५ जीएसएमच्या, म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या, झेरॉक्सच्या कागदात हा फरक फारसा जाणवत नाही, पण कार्डासाठी आपण जो २५० ते ३०० जीएसएमचा कागद वापरतो त्यात तो लपत नाही.

बहुतेक नवशिक्या ए-फोर आकाराचा जाड कागद घेतात आणि तो मधोमध दुमडून मोठे कार्ड करतात. ए-फोर कागदात तंतू सहसा लांब बाजूला, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या बाजूला समांतर असतात, त्यामुळे ही मधली घडी नेमकी तंतूंवर आडवी पडते. तोच कागद आधी मधोमध कापून त्याचे दोन तुकडे केले आणि मग प्रत्येक तुकडा दुमडला, तर घडी तंतूंच्या दिशेने येते, एका कागदात दोन कार्डे होतात आणि १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे हे कार्ड बाजारातल्या ११४ गुणिले १६२ मिलिमीटरच्या पाकिटात नीट बसते. मी वर्षानुवर्षे याच मापाची कार्डे करते. मोठे कार्ड म्हणजे मोठे प्रेम, अशी जी समजूत काही जणींमध्ये आहे, तिच्याशी मी सहमत नाही.

स्टेशनरीच्या दुकानातून मोठा ताव आणून घरी कापला असेल तर मात्र तंतूंची दिशा गृहीत धरू नये. कागद न मोडता, हलक्या हाताने आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, घडी त्या बाजूने घालावी. एवढी साधी परीक्षा करायला सांगितली की 'काकू, व्हिडिओत तर असे काही दाखवत नाहीत' हे उत्तर ठरलेले असते. व्हिडिओत कार्ड महिनाभरानंतर कसे दिसते तेही दाखवत नाहीत. हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते, कारण तो चाळणीवर हाताने उचललेला असतो आणि त्यात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात.

दिशा बरोबर असली तरी जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. पोलादी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने घडीच्या जागी दाबून रेघ ओढावी. रेघ ओढलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. कार्ड मिटल्यावर हा उंचवटा आत आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. बहुतेक जणी नेमके उलट करतात, कारण खाचेत घडी घालणे डोळ्यांना स्वाभाविक वाटते. त्यासाठी महागडे साधन मागवण्याची काहीही गरज नाही. माझे बॉलपेन आणि पट्टी मुलांच्या कंपासपेटीतून आलेली आहेत.

कूलरसमोर बसून काम करणे

ही चूक आपल्या भागाची आहे. आखाजीची कार्डे करायची म्हणजे एप्रिल-मे महिना, बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि घरात ज्या एका खोलीत कूलर आहे त्याच खोलीत सारे घर गोळा झालेले. साहजिकच कागद, कात्री आणि गोंदही तिथेच येतात. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणजे खोलीत ओलावा भरतो, आणि कागद तो ओलावा ओढून घेतो. तंतू ओले झाले की लांबीपेक्षा रुंदीला अधिक फुगतात. तोच कागद पुढे गच्चीकडच्या तापलेल्या, कोरड्या खोलीत नेऊन ठेवला की आकसतो, आणि एका बाजूला गोंद लावून दुसरा कागद चिकटवलेला असेल तर दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत. कार्ड उन्हात वाळत घातलेल्या बिबड्यासारखे, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखे, वळते आणि मग त्यावर कितीही जाड पुस्तके ठेवली तरी पूर्ण सरळ होत नाही.

यात भर पडते ती गोंदाची. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. जितका जास्त गोंद, तितके जास्त पाणी कागदात जाते. नवशिक्यांना मात्र गोंद म्हणजे सिमेंट वाटतो आणि बाटली उलटी धरून त्या संपूर्ण पृष्ठभागावर नक्षी काढतात. वरचा कागद दाबला की गोंद कडेने बाहेर येतो, तो बोटाने पुसला जातो आणि वाळल्यावर तिथे चकाकणारा डाग राहतो. गोंद वाटीत काढावा, कोरड्या चपट्या ब्रशने पातळ पसरावा, आणि कागदाच्या मध्यापासून कडांकडे न्यावा. मोठा कागद चिकटवायचा असेल तर मी पाण्याचा गोंद वापरतच नाही. गोंदकांडी किंवा दुहेरी चिकटपट्टी वापरते. चिकटवलेली कार्डे दोन बटर पेपरमध्ये ठेवून, वर सपाट वजन देऊन, रात्रभर दाबाखाली राहू द्यावीत. पंखा वेगात लावून किंवा केस वाळवण्याचे यंत्र फिरवून गोंद लवकर वाळवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना मी एवढेच विचारते की घाई नेमकी कोणाला आहे, गोंदाला की तुम्हाला.

उन्हाळ्यात काम पहाटे करावे, कूलर बंद ठेवावा, आणि दुपारी कागद पाकिटात घालून कपाटात ठेवावा. आमच्याकडे ज्यांची कार्डे सरळ असतात त्यांच्यापैकी बहुतेक जणी पहाटे काम करणाऱ्या आहेत.

ग्लू गनवर विसंबणे

आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, त्यामुळे कार्डावर झोका हा विषय दरवर्षी असतोच. काही वर्षांपूर्वी मंडळातल्या एका हुशार, पण भलत्याच घाईच्या मुलीने सुंदर कार्डे केली होती. ज्यूटच्या दोरीचा झोका, आइस्क्रीमच्या काडीची फळी, वर कापडाच्या तुकड्यांची बाहुली, आणि दोन्ही बाजूंना जुन्या बांगड्यांचे तुकडे. सर्व काही ग्लू गनने चिकटवलेले होते, कारण तिच्या मते पांढरा गोंद वाळेपर्यंत थांबणे म्हणजे वेळेचा अपव्यय होता. मी तिला आदल्या बैठकीतच सांगितले होते की ही कार्डे उन्हात नेऊ नकोस. तिने ती एकावर एक रचून, मध्ये काहीही न घालता, स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि दुपारी बाजारातली कामे उरकून ती मंडळात आली.

ग्लू गनची कांडी ही प्लॅस्टिकच्या जातीची असते. ती गरम केली की वितळते आणि थंड झाली की घट्ट होते, पण पूर्ण वितळण्याच्या पुष्कळ आधीच ती मऊ पडू लागते. मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीची बंद डिकी बाहेरच्या हवेपेक्षाही बरीच तापते. डिकी उघडली तेव्हा कार्डांचा एकच ठोकळा झालेला होता. झोके सरकून कार्डाच्या तळाशी आलेले, एका कार्डावरची बाहुली दुसऱ्याच्या पाठीला चिकटलेली, आणि ओढून वेगळे करताना कागदाचा वरचा पदरच निघून येत होता. मंडळातल्या सर्वांत वडील मावशींनी तो ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या अहिराणीत विचारले, 'हाई काय शे?' कोणालाच हसू आवरले नाही. ती मुलगी मात्र रडकुंडीला आली होती, आणि त्या दिवशीच्या अदलाबदलीत तिच्याकडे देण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर मावशींनीच तिला सुई-दोरा घेऊन बसवले. दोरीचा झोका चिकटवायचा नसतो, तो बांधायचा असतो. कार्डाला सुईने भोके पाडून दोरी मागे न्यावी, गाठ मारावी आणि ती गाठ झाकण्यासाठी आतून पातळ कागद लावावा. बटण, टिकल्यांची पट्टी, काडी, बांगडीचा तुकडा, अशा कोणत्याही जड वस्तूला मी आधी दोऱ्याचा टाका देते आणि गोंद केवळ ती हलू नये म्हणून लावते. टाका ऊन पाहत नाही. ग्लू गन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तोरणाच्या किंवा टोपलीच्या कामात ती उपयोगी पडते. परंतु खान्देशातल्या उन्हाळ्यात, प्रवास करणार असलेल्या कागदी कार्डावर तिला जागा नाही, आणि ती वापरण्यामागचे कारण जर केवळ घाई असेल तर मुळीच नाही.

खाण्याच्या वस्तू आणि ओली पानेफुले

संक्रांतीच्या कार्डावर काटेरी हलवा चिकटवण्याची टूम मध्यंतरी निघाली होती. साखर हवेतला ओलावा ओढते, मुंग्या बाकीचे काम करतात. तिळाची वडी पातळ कागदात गुंडाळून कार्डाच्या आत ठेवली तर तिचे तेल एका रात्रीत मजकुरापर्यंत पोहोचते. तिळगूळ द्यायचाच असेल तर वेगळ्या पुडीत, हातात द्यावा.

भुलाबाईच्या कार्डांसाठी फुले दाबून वापरायची असतील तर ती भाद्रपदातच दाबायला घ्यावीत, कारण पावसाळी हवेत ती वाळायला वेळ लागतो. जुन्या वर्तमानपत्रात ठेवून सुरुवातीचे काही दिवस रोज कागद बदलावा. बोगनवेल उत्तम टिकते, कारण तिचा रंगीत भाग मुळातच कागदासारखा असतो. जास्वंद चिकट होते. झेंडूच्या केवळ पाकळ्या घ्याव्यात, अख्खे फूल नव्हे. रावेर-यावलकडच्या मैत्रिणी केळीच्या खांबाचा धागा आणून देतात, तो दिसायला फार देखणा असतो, पण पुरता वाळलेला नसेल तर कार्डावर बुरशी येते.

मजकूर शेवटी लिहिणे

सर्व सजावट झाल्यावर मजकूर लिहायला घेतला की पेन अडखळते, हात टेकायला जागा नसते आणि ओळ चढत जाते. मजकूर आधी लिहावा, तोही पेन्सिलीने फिकट रेघ आखून. देवनागरीत शिरोरेषेमुळे वाकडी ओळ लगेच दिसून येते. हातकागदावर लिहिण्यापूर्वी त्याच्या कातरणीवर पेन चालवून पाहावे. ज्या हातकागदाला खळ दिलेली नसते त्यावर शाई फुटते. जेल पेन वाळायला वेळ द्यावा.

चकाकीच्या भुकटीबद्दल मी एवढेच म्हणेन की ती ज्याच्या घरी एकदा गेली, त्याच्या घरी ती पुढच्या दिवाळीपर्यंत राहते.

पाकिटाचा आणि टपालाचा विचार न करणे

पुण्या-मुंबईला असलेल्या मैत्रिणींना कार्ड टपालाने जाते, आणि तिथे वजन आडवे येते. ए-फोर आकाराचा ३०० जीएसएमचा एक कागदच सुमारे पावणेएकोणीस ग्रॅम भरतो. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, म्हणजे पाकीट आणि सजावट धरल्यावर तो ओलांडला जाणारच, आणि तिकीट कमी लावलेले असेल तर जास्तीचे पैसे भरावे लागतात ते कार्ड घेणाऱ्या मैत्रिणीला. अर्ध्या कागदाचे छोटे कार्ड सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅमचे असते, त्यामुळे सजावटीला जागा उरते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाकिटासह वजन करून मगच तिकीट लावावे. मोती, खडे आणि घुंगरू टपालाच्या कार्डावर लावू नयेत, कारण पाकिटावर शिक्का जोरात पडतो. 'रजिस्टर करून पाठव' असे अजूनही काही जणी सांगतात, पण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा खर्चाचा अंदाज त्याप्रमाणे करावा.

पाकीट आधी आणावे किंवा करावे आणि मग त्याच्या मापाने कार्ड कापावे. सजावटीची जाडी मोजूनच पाकिटात दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर मोकळे सोडावेत. अदलाबदलीला आणताना प्रत्येक दोन कार्डांमध्ये बटर पेपर घालावा, आणि कार्डाच्या मागे आपले नाव व सण पेन्सिलीने लिहावा, कारण घरी गेल्यावर कोणते कार्ड कोणी दिले हे कोणालाच आठवत नाही.